नवीन हेवी ड्रायव्हर आणि मालकाचा जाच: हिशोबाचं बोलणं गाडी भरायच्या आधी करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय पंचवीस, गाव निफाड तालुक्यात. सहा महिन्यांपूर्वी नाशिकच्या एका ट्रान्सपोर्टला बारा टायर गाडीवर लागला. कधी लासलगाव-पिंपळगावहून कांदा, कधी अंबड नाहीतर सिन्नरच्या एमआयडीसीतून कारखान्याचा माल. चेन्नई, कोलकाता, दिल्ली अशा ट्रिपा. मालक रात्री-अपरात्री फोन करतो, ‘गाडी का थांबली?’ ॲव्हरेज (लिटरमागे किलोमीटर) कमी आला म्हणून पगारातून कापतो. चेन्नईला तीन दिवस गाडी खाली झाली नाही, त्याचा भत्ता दिला नाही. कांद्यात घट आली ती ड्रायव्हरच्या माथी मारली. लायसन्स पहिल्या दिवसापासून ऑफिसच्या कपाटात. दीड महिना घर नाही. बोलायला गेलं की ‘नवीन आहेस, आधी शीक.’ आता टिकून राहू की सोडू?

भाऊ, वयाने मोठा आहे म्हणून ‘तू’ म्हणतो, राग मानू नको. मी बरीच वर्षं आग्रा रोडला आणि दक्षिणेकडे हेवी चालवली. आता आडगावला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ड्रायव्हरांच्या ट्रिपचे हिशोब बघतो. हिशोबाला बसताना ड्रायव्हर हातात काय घेऊन येतो आणि मालक काय काढून दाखवतो, हे रोज डोळ्यासमोर असतं. तुझं दुखणं खरं आहे. पण तू सहा-सात तक्रारी एका दमात सांगितल्यास. शेठसमोरही तशाच सांगत असशील, तर तो त्यातली सगळ्यात कच्ची तक्रार पकडतो आणि तिलाच उत्तर देतो. ‘घरी जायचंय ना, मग सरळ तसं म्हण की’ एवढं बोलून ॲव्हरेजचा, भत्त्याचा विषय बुडवून टाकतो.

मला तुझ्या सांगण्यातून जे दिसतं ते असं की तुझ्या कामाचं आधी काहीच ठरलेलं नाही. ॲव्हरेज किती धरायचा, थांबलेल्या दिवसाचं काय, घट किती चालेल, घरी कधी सोडणार, हे सगळं गाडी परत आल्यावर ठरतं. माल खाली झालेला, माल मिळाल्याची पोच हातात आलेली, गाडी आवारात उभी. त्या वेळी मालकाचं तुझ्यावाचून काही अडलेलं नसतं आणि तुझं मात्र पैशावाचून अडलेलं असतं. असा हिशोब नेहमी एकाच अंगाला कलतो. हेच बोलणं गाडी भरायला लागायच्या आदल्या दिवशी काढ. तेव्हा पार्टीला, म्हणजे ज्यांचा माल आहे त्यांना, गाडी कबूल झालेली असते आणि मालकाला ड्रायव्हर हवा असतो. बोलणं तेच, पण ऐकणारा वेगळा भेटतो.

यातून तीन गोष्टी बाजूला काढ: झोप, वजन आणि लायसन्स. त्यांची बोलणी करायचीच नसतात. त्यांच्याकडे नंतर येतो.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या आधी सांगतो. तुझ्या मालकाच्या दोन-तीन गाड्या असतील आणि तो स्वतः स्टिअरिंगवर बसलेला माणूस असेल, तर त्याच्याशी बोलणं वेगळं. तीस-चाळीस गाड्या असतील आणि मधे मुनीम, सुपरवायझर असतील, तर कापाकापी बहुधा मुनीमच्या पातळीवर होते आणि शेठला ती पूर्ण माहीतही नसते. माल थेट कंपनीच्या करारावर आहे की ब्रोकरकडून उचललेला, यावर हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकून राहिल्याचे पार्टीकडून मिळणारे पैसे, मिळतं की नाही ते ठरतं. तुला महिन्याचा पगार अधिक भत्ता आहे की ट्रिपवर ठरलेले पैसे आहेत, यावरही बरंच आहे. ट्रिपवर काम करणाऱ्याला थांबलेला दिवस सगळ्यात जास्त बोचतो. तू हे लिहिलेलं नाहीस, म्हणून मी पगार अधिक भत्ता धरून चालतो.

ॲव्हरेजपासून सुरुवात करू, कारण नवीन ड्रायव्हरचा जीव इथेच सगळ्यात जास्त जळतो. समज नाशिक ते चेन्नई १,३०० किलोमीटर धरले. मालकाने ४ चा ॲव्हरेज लावला तर त्याच्या कागदावर ३२५ लिटर होतात. गाडीने प्रत्यक्षात ३.६ दिला तर ३६१ लिटर लागले. फरक ३६ लिटरचा. डिझेल ९० रुपयांच्या आसपास धरलं तर सव्वातीन हजार रुपये, एकाच बाजूच्या फेरीचे. पॉइंट चारचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, हिशोबात तो असा दिसतो. म्हणून ‘ॲव्हरेज काय धरणार?’ हे निघायच्या आधी विचारायचं. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न: ‘भरलेल्या गाडीचा आणि मोकळ्या गाडीचा वेगळा धरणार का?’ एकच आकडा दोन्हीकडे लावत असतील, तर भरलेल्या फेरीत तू कायम तोट्यात जाणार.

मग त्याच गाडीवर आधी जो ड्रायव्हर होता त्याला त्याच रूटला काय ॲव्हरेज आला होता, ते विचार. ऑफिसात ही नोंद असते. त्याला ३.७ येत असेल तर तुला ४ लावायचं कारण काय, हे शांतपणे विचारता येतं. टाकी फुल करून नीघ, परत आल्यावर त्याच पंपावर फुल कर, दोन्ही वेळी किलोमीटरच्या आकड्याचा आणि पंपाच्या बिलाचा फोटो काढ. मधे जिथे डिझेल टाकलंस तिथलंही बिल. अर्धी टाकी, पाऊण टाकी अशा काट्याच्या अंदाजावर हिशोब कधीच मान्य करू नको.

आता मालकाच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागेल. नवीन माणसाचा ॲव्हरेज खरंच कमी येतो. गिअर उशिरा बदलतो, आरपीएम हिरव्या पट्ट्याच्या वर नेतो, पुढची गाडी जवळ आल्यावर ब्रेक मारतो आणि मग पुन्हा पिकअप घेतो. भरलेली गाडी प्रत्येक वेळी शून्यातून उचलायला डिझेल जातं. गेटबाहेर लायनीत उभं असताना इंजिन चालू ठेवलं तर तासाला दीड-दोन लिटर असंच जळतं. टायरची हवा कमी असेल तर गाडी ओढत चालते. रोज सकाळी निघताना बाराही टायर ठोकून बघ, आतल्या बाजूचे विसरू नको. एवढं सांभाळलंस तर काही महिन्यांत आकडा सुधारतो.

पण एक गोष्ट करू नको, आणि जुना ड्रायव्हर शिकवत असेल तरी करू नको: ॲव्हरेज वाढवायला घाटात न्यूट्रल मारणं. आजकालच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर डिझेलचा पुरवठा बंदच होतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवण्यापुरतं डिझेल जळत राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही, वर इंजिनचा रोध जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. कसारा उतरताना किंवा सेंधव्याच्या अलीकडे बिजासनच्या घाटात ब्रेक तापून धरेनासा झाला, तर भरलेल्या गाडीला थांबवायला दुसरं काही उरत नाही. चढायला जो गिअर लागला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं.

डिझेल काढून विकण्याच्या वाटेला जाऊ नको, हे तुला सांगायची गरज नसावी. ढाब्यावर विचारणारे भेटतात. एकदा मालकाच्या मनात संशय आला की मग खऱ्या ॲव्हरेजवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

थांबलेल्या दिवसांचं गणित समजायला शेठचा पैसा कसा फिरतो ते बघ. भाड्यातले काही पैसे त्याला गाडी भरताना ॲडव्हान्स मिळतात, बाकीचे पोच जमा झाल्यावर. कंपनीचा माल असेल तर बिल मंजूर व्हायला महिना-दोन महिने जातात. इकडे डिझेल आणि टोल लगेच भरावे लागतात, आणि गाडीचा हप्ता कुणासाठी थांबत नाही. म्हणून तो पोचेसाठी जीव खातो. हॉल्टिंगही त्याला पार्टीकडून तेव्हाच मागता येतं जेव्हा गाडी कधी पोचली आणि कधी खाली झाली हे कागदावर असतं. बहुतेक ड्रायव्हर पोचेवर फक्त सही-शिक्का घेतात, वेळ लिहून घेत नाहीत.

तू असं कर. गेटवर पोचलास की लगेच सिक्युरिटीकडून बिल्टीच्या (मालाच्या पावतीच्या) मागे ‘गाडी आली’ म्हणून तारीख, वेळ आणि शिक्का घे. देत नसतील तर गेटच्या पाटीसकट गाडीचा फोटो काढून तेव्हाच ऑफिसच्या ग्रुपवर टाक. मेसेजवर वेळ आपोआप पडते. खाली होऊन निघताना पुन्हा तसंच. हे कागद हातात असले की ‘पार्टीने हॉल्टिंग दिलं नाही’ हे उत्तर मालकाला तुझ्यापुरतं चालत नाही. आणि पार्टीने दिलं नाही तरी तू तिथे तीन दिवस त्याच्या गाडीची आणि मालाची राखण करत होतास, जेवणखाण करत होतास. थांबलेल्या दिवसाचा भत्ता हा वेगळा विषय आहे, तो हॉल्टिंगवर अवलंबून ठेवायचा नाही, असं आधीच ठरवून घे. माझ्या पाहण्यात चांगले मालक हे मान्य करतात. न करणारा निदान तोंडावर तसं सांगतो, मग ती ट्रिप घ्यायची की नाही ते तू ठरवतोस.

हमाली आणि वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, तिचंही तसंच. कोणत्या ठिकाणी किती द्यायची हे मालकाकडून निघतानाच ऐकून घे. जास्त मागितली तर द्यायच्या आधी फोन कर. दिल्यानंतर सांगितलेला खर्च हिशोबात निम्मा होतो.

घटीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण कांद्याच्या बाबतीत नवीन ड्रायव्हरवर यात खरा अन्याय होतो. कांदा हा जिवंत माल आहे. गोणीत भरल्यापासून तो पाणी सोडतो, वाटेत वजन थोडं उतरणारच. कोलकात्याला पोचेपर्यंत काटा तोच यावा असं व्यापारीसुद्धा धरत नाही. त्यांच्यात किती घट चालते याचा अंदाज ठरलेला असतो. मालकाला तोच आकडा विचार आणि ‘त्याच्या आतली घट माझ्यावर नाही’ हे बोलून घे. घट आणि सड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कांदा चारही बाजूंनी ताडपत्रीत गच्च बांधला तर आत वाफ धरते, माल तापतो, कोंब फुटतात, खालचे थर ओले होतात. त्याला हवा लागते. पाऊस नसताना बाजू मोकळ्या, वरून झाकण, पाऊस लागला की बाजूंची ताडपत्री खाली सोडायची आणि थांबला की पुन्हा वर करायची. हे करताना अधूनमधून फोटो काढून ठेव. माल कसा झाकायचा हे व्यापाऱ्याने सांगितलं असेल तर ते मेसेजवर मागून घे. भरल्यावर नाशिकच्या बाजूची काटापावती आणि खाली करायच्या आधीची तिकडची काटापावती, दोन्ही तुझ्याकडे हव्यात. या दोन पावत्या नसल्या की घटीचा आकडा समोरचा म्हणेल तो.

कापाकापीबद्दल कायदा काय म्हणतो तेही माहीत असू दे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात वेतन संहिता २०१९ आहे. कामगाराच्या ताब्यात दिलेल्या मालाचं नुकसान पगारातून कापायचं असेल, तर ते थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे झालेलं असावं लागतं आणि कापायच्या आधी त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. सगळ्या कपाती मिळून त्या महिन्याच्या पगाराच्या निम्म्याच्या वर जाता येत नाही. हे नियम १९३६ च्या जुन्या वेतन कायद्यातही होते. लगेच कायदा दाखवत शेठच्या केबिनमध्ये जा असं मी म्हणत नाही. पण ‘मालकाला वाटेल तेवढं कापता येतं’ हा समज मनातून काढून टाक.

आता फोन. जीपीएसवर गाडी थांबलेली दिसली की ऑफिसातल्या माणसाला चैन पडत नाही. त्याला तिकडून पार्टी फोन करत असते. यावर माझ्याकडच्या शहाण्या ड्रायव्हरांची रीत अशी: थांबायच्या आधी एक ओळ टाकायची, ‘सोलापूर बायपासला थांबलोय, जेवण आणि झोप, पहाटे पाचला निघेन.’ सकाळी एक, संध्याकाळी एक मेसेज ठरलेला. बाकी वेळी फोन घ्यायचा नाही. चालत्या गाडीत फोन हातात धरून बोलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक चालवण्यात धरलं जातं, आणि तो खटला तुझ्या नावावर होतो, फोन करणाऱ्याच्या नाही. महिनाभर मेसेज वेळेवर गेले की फोन आपोआप कमी होतात.

‘ई-वे बिल (मालासोबतचा जीएसटीचा कागद) संपतंय, थांबू नको’ हे दडपण तुलाही आलं असेल. नवीन पोरं याला फार घाबरतात. ई-वे बिलाची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते, वरच्या अर्धवट अंतरालाही एक दिवस धरतात. १,३०० किलोमीटरला सात दिवस मिळाले. एवढ्या वेळात चेन्नई माणसासारखं झोपून, जेवून गाठता येते. आणि गाडी बिघडली, रस्ता बंद पडला, तर मुदत संपायच्या आठ तास आधीपासून संपल्यानंतर आठ तासांपर्यंत ती ऑफिसात बसून वाढवता येते. ते काम ट्रान्सपोर्टरचं आहे. तू फक्त कुठे अडकलास ते वेळेत कळवायचं. बिलावरची मुदत निघतानाच वाचून ठेव, म्हणजे कोणी घाई केली की खरी गरज आहे की नुसता दट्ट्या, हे कळेल.

इथून पुढे त्या तीन गोष्टी.

झोप. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरच्या कामाचे तास दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ ठरवले होते. लांब पल्ल्याला परवानगीने वाढवायचे तरी १० आणि ५४ च्या वर नाही, आणि सलग पाच तास झाले की निदान अर्धा तास विश्रांती. आता हा विषय नव्या संहितेत गेला आहे. हायवेवर हे किती पाळलं जातं ते तू आणि मी दोघेही जाणतो. तरी हा आकडा हवेतून आलेला नाही. गणित करून बघ. भरलेल्या गाडीचा सरासरी वेग ताशी ४० धरला तर १,३०० किलोमीटरला साडेबत्तीस तास स्टिअरिंग लागतं. रोज दहा तास चालवलंस तर चौथ्या दिवशी पोचशील. ‘परवा सकाळी चेन्नईला लाव’ म्हणणारा मालक एकट्या ड्रायव्हरकडून दिवसाला सोळा तास मागतोय. त्याला हेच गणित सांग. जायचंच असेल तर दुसरा हेवी लायसन्सवाला ड्रायव्हर सोबत दे म्हण. क्लीनरला स्टिअरिंग देऊन झोपणं हा उपाय नाही, त्याच्याकडे लायसन्स नाही आणि अपघात झाला तर विम्यापासून पोलीस केसपर्यंत सगळंच बिघडतं. रात्री दोन ते पाच या वेळात गाडी उभीच असली पाहिजे, मी हे प्रत्येक नवीन पोराला सांगतो. समृद्धीवर तर जास्तच. तिथे रस्ता सरळ, खड्डा नाही, सिग्नल नाही, समोर काही बदलतच नाही, आणि डोळा उघडा ठेवून माणूस झोपतो. मालक ओरडला तर ओरडू दे. गाडी पार्किंगला लावली आणि मेसेज टाकला की तुझं काम संपलं.

वजन. आरसी बुकावर गाडीचं एकूण वजन लिहिलेलं आहे, त्याच्या वर भरलेली गाडी हलवायची नाही. ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आणि जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च, असं कलम १९४ मध्ये आहे. ते कलम ‘चालवणारा’ आणि ‘चालवायला लावणारा’ दोघांनाही लागतं. वजनकाटा टाळून पळालास तर दंड ४०,००० रुपये. ‘दंड मी भरतो’ हे शेठचं वाक्य अपघातानंतर उपयोगाचं नसतं. गोणीमागे दोन-तीन किलो वाढवून भरणारे आहेत, म्हणून गोण्या मोजून वजन धरू नको, काट्यावर बघ.

लायसन्स. हे मालकाकडे ठेवायचा कागदच नाही. आरटीओने ते तुझ्या नावावर दिलंय. ‘गॅरंटी’ म्हणून ठेवतात, म्हणजे तू मधेच सोडून जाऊ नयेस एवढाच हेतू. झेरॉक्स द्यायला हरकत नाही, ओरिजिनल परत माग आणि मेसेजवर माग. तोवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपवर लायसन्स उतरवून घे, तपासणीत ते मूळ कागदासारखंच चालतं. तुझा हेवीचा परवाना पाच वर्षांनी नूतनीकरणाला येतो, ती तारीखही बघून ठेव. दोनदा मागूनही देत नसेल तर तो मालक पुढे पगारही अडवणार, हे माझं ठाम मत आहे.

एक प्रश्न तू विचारला नाहीस, पण मी विचारतो: पगार रोख घेतोस की खात्यावर? खात्यावर घे. उद्या अपघात झाला तर तू त्या गाडीवर कामाला होतास हे सिद्ध करायला तोच पुरावा लागतो. गाडीच्या विम्यात जो १५ लाखांचा ‘ओनर-ड्रायव्हर’ अपघात विमा असतो तो गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्यासाठी, पगारी ड्रायव्हरसाठी नाही. हे कित्येक ड्रायव्हरांना घरी दुर्घटना झाल्यावर कळतं. पगारी ड्रायव्हरला कामावर असताना काही झालं तर कामगार नुकसानभरपाईचा हक्क वेगळा आहे. पॉलिसीत ‘पेड ड्रायव्हर’ची जबाबदारी घेतलेली आहे का ते मालकाला दाखवायला सांग, त्याचा हप्ता अगदी थोडा असतो. स्वतःहूनही दोन गोष्टी कर: ई-श्रम पोर्टलवर नोंदणी, ती फुकट आहे, आणि बँकेत पंतप्रधान सुरक्षा विमा, वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो.

उचल घेतली आहेस का, तेही लिहिलेलं नाहीस. घरात लग्नकार्य निघतं, बोअर घ्यायची असते, मालक खुशीने पन्नास हजार देतो. त्यानंतर तुझं ‘नाही’ म्हणणं संपतं. घेतली असेल तर आधी ती फेड, दर महिन्याला किती वळती होणार ते लिहून घे आणि नवीन घेऊ नको. उचल फिटेपर्यंत बाकीच्या बोलण्याला जोर येत नाही.

आता पुढची गाडी भरायच्या आदल्या दिवशी शेठला किंवा मुनीमला असा मेसेज टाक: ‘शेठ, उद्याची चेन्नई ट्रिप घेतो. भरलेल्या गाडीला ॲव्हरेज ३.६, मोकळ्याला वेगळा धरू. पोचल्यापासून खाली होईपर्यंत रोजचा भत्ता चालू राहील. वजन आरसीप्रमाणे. परत आल्यावर चार दिवस घरी. लायसन्स उद्या गाडी घेताना घेऊन जातो. बरोबर ना?’ भाषा नरम ठेव, आकडे सोडू नको. तो फोन करून बोलेल, लिहून देणार नाही. मग फोननंतर तूच लिही, ‘आत्ता बोलल्याप्रमाणे’ आणि जे ठरलं ते. त्याने नाकारलं नाही तर ते ठरलंच. घरची सुट्टीही अशीच मागायची असते, ट्रिप हातात असताना. द्राक्षांचा हंगाम जोरात असताना किंवा दिवाळीच्या तोंडावर मागितलीस तर मिळणार नाही. हे सगळीकडे तसंच आहे, त्यात तुझ्या मालकाचा वेगळा दोष नाही.

राहायचं की सोडायचं? लायसन्स परत मिळालं, वजनावर आणि झोपेवर त्याने ऐकलं, आणि भांडण फक्त पैशांचं उरलं, तर वर्ष पुरं कर. हेवीचा वर्ष-दोन वर्षांचा सलग अनुभव असला की कंपन्यांच्या करारावर चालणाऱ्या मोठ्या ट्रान्सपोर्टमध्ये दार उघडतं. सहा महिन्यांत सोडलेल्याला तिथे पहिला प्रश्न ‘का सोडलं?’ हाच असतो. पण त्या तिन्हींपैकी एकावरही तो अडून बसला तर वर्षाची वाट बघू नको.

सोडताना गाडी नाशिकला आणूनच सोड. भरलेली गाडी वाटेत टाकून घरी निघून येणारे आहेत, मग त्यांच्यावर पोलीस तक्रार होते आणि आडगावपासून विल्होळीपर्यंत कोणी त्यांना उभं करत नाही. गाडी ताब्यात देताना आवारात मुनीमला सोबत घेऊन फिर. प्रत्येक टायरवर कोरलेला नंबर असतो, बाराही टायरचे आणि स्टेपनीचे नंबर वाचून वहीत लिही, फोटो काढ. ‘टायर बदलले’ हा आरोप सोडून गेल्यानंतरच येतो. जॅक, पाने, ताडपत्री, रस्सी, डिझेलचा काटा, किलोमीटरचा आकडा, आरसी-परमिट-विम्याची फाइल, फास्टॅग, सगळं त्याच कागदावर आणि खाली त्याची सही. नवीन गाडी घेतानाही पहिल्या दिवशी हेच करायचं.

राहिलेला पगार सोडल्यापासून दोन कामाच्या दिवसांत द्यावा असं वेतन संहितेत आहे. मी आठवडाभर थांबून एकदा लेखी मागेन, नाही मिळाला तर नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज देईन. बँकेचं स्टेटमेंट, ट्रिपचे मेसेज आणि गाडी परत दिल्याचा कागद एवढं सोबत असलं तर बहुतेक वेळा तिथून एक पत्र गेलं की मालक बोलायला तयार होतो.

आणि नवीन ठिकाण शोधताना मालकाला भेटायच्या आधी त्याच्या ड्रायव्हरांना भेट. आडगावच्या ट्रक टर्मिनलला संध्याकाळी जा, त्या ट्रान्सपोर्टच्या गाडीवर दोन-तीन वर्षं टिकलेला माणूस शोध आणि त्याच्या गेल्या ट्रिपचा हिशोबाचा कागद दाखव म्हण. असा कागदच मिळत नाही म्हणाला तर तिथे विचारायलाही जाऊ नको. मिळाला तर त्यात ॲव्हरेज काय धरलाय आणि थांबलेल्या दिवसापुढे काय लिहिलंय, ते आधी वाच.